बळी आणि बलिदान : जपानी महाकाय पशूंच्या चित्रपटांविषयी

मराठीतील ‘बळी’ हा शब्द क्रियापदाप्रमाणे अर्थ बदलतो. बळी दिला जातो, बळी घेतला जातो आणि बळी जातोही. पहिल्यात कर्मकांड आहे, दुसऱ्यात अपराध आहे, तिसऱ्यात केवळ दुर्दैव आहे. त्याच शब्दाला ‘दान’ जोडले की ‘बलिदान’ होते आणि मग मागे राहिलेल्यांना हिशेब विचारण्याची सोय उरत नाही. मान तुकवणे तेवढे उरते. या चार अर्थांतील अंतराचा विचार करायला मला भाग पाडले ते एखाद्या शोकांतिकेने नव्हे, तर जपानी महाकाय पशूंच्या चित्रपटांनी. रबरी पोशाख घातलेला माणूस खेळण्यातली शहरे तुडवतो, असे ज्यांचे वर्णन सर्रास केले जाते, तेच हे चित्रपट. या वर्णनात खोटे काही नाही. परंतु शाडूचा गणपती म्हणजे माती, हे म्हणणे जितके खरे आणि जितके अपुरे, तितकेच तेही.

माझी या प्रकाराशी ओळख झाली ती १९८०च्या दशकात, दूरदर्शनवर. ‘जायंट रोबो’ ही जपानी मालिका इंग्रजी संवादांसह दाखवली जात असे. जपानमध्ये ती १९६७-६८ साली प्रक्षेपित झाली होती. दर भागात एक नवा अजस्र पशू येई आणि एका मुलाच्या मनगटावरील घड्याळातून आज्ञा घेणारा लोखंडी महापुरुष त्याचा समाचार घेई. शेवटच्या भागात खलनायकाच्या अंगातच अणुशक्ती भरलेली असते. त्याच्यावर गोळी झाडली तर पृथ्वीच नष्ट व्हायची. तेव्हा तो यंत्रपुरुष त्याला कवटाळून आकाशात झेपावतो. मुलगा त्याला परत बोलावतो, तरी तो ऐकत नाही. आमच्या बेळगावच्या घरातली आम्ही सगळी भावंडे त्या दिवशी रडलो होतो. आज्ञाधारक यंत्राने आयुष्यात एकदाच आज्ञा मोडली आणि तीही मरण्यासाठी, ही गोष्ट त्या वयातही कुठेतरी खटकली होती. तिला नाव देता येत नव्हते, एवढेच.

त्याच खोलीत माझे चुलत आजोबा बसलेले असत. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. १९२२ पासून या रेजिमेंटचे केंद्र बेळगावात असल्याने आमच्याकडे घरटी एखादा तरी फौजी सापडतो, त्यांपैकीच ते एक. दुसऱ्या महायुद्धात ते मणिपूरच्या डोंगरात जपान्यांशी लढले होते. मार्च १९४४ मधल्या सांगशाकच्या लढाईत या रेजिमेंटची चौथी बटालियन होती, हे मला पुढे पुस्तकांतून कळले. आजोबांच्या तोंडून युद्धाची एकही कथा आम्ही ऐकली नाही. ‘हे कुठलं रे?’ असे त्यांनी एकदा पडद्याकडे बोट दाखवून विचारले. ‘जपानचं,’ मी म्हणालो. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ती पोरं बी उपाशीच हुती.’ एवढे बोलून ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले. या वाक्याचा अर्थ लागायला मला चाळीस वर्षे लागली. त्याकडे लेखाच्या शेवटी वळायचे आहे.

कॉलेजच्या दिवसांत कॅसेटवर ‘गॉड्झिला’ पाहिला. तो होता १९५६ चा अमेरिकी अवतार. मूळ जपानी चित्रपटातील बराच भाग कापून त्यात रेमंड बर हा नट बातमीदार म्हणून घुसवलेला होता आणि सारी कथा त्याच्या निवेदनातून उलगडत होती. मूळ चित्रपट ९६ मिनिटांचा, हा सुमारे ८० मिनिटांचा; त्यातही बरच्या नव्या दृश्यांची भर पडलेली. पशू भव्य वाटला, चित्रपट सामान्य वाटला. मूळ ‘गोजिरा’ अमेरिकेतही व्यापक प्रमाणावर प्रदर्शित झाला तो थेट २००४ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी. त्यानंतर त्याच्या तबकड्या बाजारात आल्या आणि नोकरीनिमित्त तोक्योत असलेल्या धाकट्या भावाने त्यांतली एक मला पाठवली. ती पाहिली त्या रात्री कॅसेटवरल्या चित्रपटातून नेमके काय काढून टाकले होते, ते कळले. पशू शाबूत ठेवला होता; काढले होते ते त्याचे कारण.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोटाची शक्ती १५ मेगाटन, म्हणजे हिरोशिमावरील बॉम्बच्या सुमारे हजारपट होती. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ‘दाइगो फुकुर्यू मारू’ नावाची जपानी मासेमारी नौका ट्यूना पकडत होती. या नावाचा अर्थ ‘पाचवा भाग्यवान ड्रॅगन’. नौकेवरच्या तेवीस खलाशांच्या अंगावर काही तास पांढरी राख पडत राहिली. १४ मार्चला ती याइझू बंदरात परतली, तेव्हा सर्वांनाच किरणोत्साराची बाधा झालेली होती. बाजारातला मासा फेकून देण्याची वेळ आली. तोक्योच्या सुगिनामी भागातील गृहिणींनी अण्वस्त्रबंदीसाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षापर्यंत देशभरातील सह्यांचा आकडा तीन कोटींच्या वर गेला. २३ सप्टेंबर १९५४ रोजी त्या नौकेचे बिनतारी संदेशक आइकिची कुबोयामा यांचे निधन झाले. त्या वेळी तोहो कंपनीत ‘गोजिरा’चे चित्रीकरण चालू होते. ३ नोव्हेंबरला चित्रपट प्रदर्शित झाला. त्याच्या पहिल्याच दृश्यात एका जहाजाच्या डेकवर खलाशी विसावलेले आहेत, गाणे-वाजवणे चालू आहे. एकाएकी समुद्र पांढराफटक उजळतो आणि जहाज पेटते. त्या नोव्हेंबरात चित्रपटगृहात बसलेल्या जपानी प्रेक्षकाला हे जहाज कोणते, हे सांगावे लागले नसेल.

दिग्दर्शक इशिरो होंडा यांनी सैन्यात सक्तीच्या भरतीची अनेक वर्षे चीनमध्ये काढली होती आणि १९४६ साली मायदेशी परतताना त्यांनी हिरोशिमा पाहिले होते. दृश्यचमत्कारांची बाजू सांभाळणारे एइजी त्सुबुराया यांची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १९४२ साली निघालेल्या एका युद्धप्रचारपटासाठी त्यांनी पर्ल हार्बरची लहान प्रतिकृती उभारून तिच्यावर हल्ला चित्रित केला होता. युद्धानंतर याच कामापायी त्यांना काही काळ स्टुडिओबाहेर राहावे लागले. १९५४ मध्ये त्यांनी पुन्हा प्रतिकृती उभारल्या, पण या वेळी तोक्योच्या. शत्रूचे बंदर जाळून दाखवणाऱ्या हातांनी बारा वर्षांनी स्वतःची राजधानी जाळून दाखवली. या प्रकारातील कारागिरीचा विचार करताना हा इतिहास विसरता येत नाही.

ती कारागिरीही पाहण्यासारखी आहे. पशूच्या आत हारुओ नाकाजिमा नावाचा नट होता. पहिला पोशाख सुमारे शंभर किलोंचा. आत दिव्यांची धग आणि घामाच्या धारा. चाल साधण्यासाठी नाकाजिमांनी उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन हत्तींचे आणि अस्वलांचे निरीक्षण केले होते. कॅमेरा अधिक वेगाने चालवून चित्रण करायचे आणि नेहमीच्या वेगाने दाखवायचे, म्हणजे हालचाल संथ आणि जड भासते. संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी राळ लावलेला चामडी हातमोजा डबल बास या तंतुवाद्याच्या सैल तारेवरून ओढला आणि त्यातून पशूची गर्जना निर्माण झाली. ती ऐकताना हिंस्र श्वापद आठवत नाही; कोणीतरी फार खोल दुखावल्यासारखी ती वाटते. पशूच्या कातडीवर खवले नाहीत, भाजलेल्या जखमेचे व्रण असावेत तशी ती आहे. थोडक्यात, ज्याने शहर बेचिराख केले तोही त्याच बॉम्बने पोळलेला आहे. बळी घेणाराच बळी गेलेला आहे.

चित्रपटाची रचना पाहिली की या शब्दाचे सर्व अर्थ तीत क्रमाने येतात. ओडो नावाच्या कल्पित बेटावर पशूची पहिली चाहूल लागते. तिथला म्हातारा कोळी सांगतो, की पूर्वी मासळी मिळेनाशी झाली की गावातली एक मुलगी समुद्रात सोडली जाई. आता नुसता मुखवट्यांचा नाच उरला आहे. हा दिलेला बळी. मग तोक्योवरचा हल्ला येतो. गिन्झातील वाकोच्या इमारतीवरचे घड्याळ पशू मोडतो. त्याच रात्री रस्त्याच्या कडेला एक बाई मुलांना पोटाशी धरून बसली आहे आणि आपण आता तुमच्या बाबांकडे जाऊ, असे त्यांना समजावते आहे. नऊ वर्षांपूर्वी संपलेल्या युद्धातील ही विधवा आहे, हे एका वाक्यात कळते. हा गेलेला बळी. सकाळी इस्पितळात एका लेकरापुढे किरणोत्सार मोजण्याचे यंत्र धरले जाते, ते कडकडते आणि डॉक्टर मान हलवतो. पशू पडद्यावर नसलेले हे दृश्य मला साऱ्या चित्रपटात सर्वांत भीषण वाटते.

शेवटी येतो सेरिझावा. या तरुण शास्त्रज्ञाचा एक डोळा युद्धात गेला आहे. पाण्यातला ऑक्सिजन नष्ट करून सारे जीव विरघळवून टाकणारा शोध त्याला लागला आहे. तो वापरला तर पशू मरेल. पण वापरला की जगातली सरकारे त्याचे अस्त्र करतील, म्हणून तो नकार देतो. एमिको आणि ओगाता त्याची मनधरणी करतात, पण निर्णायक ठरते ते दूरचित्रवाणीवर शाळकरी मुलींनी गायलेले शांतीचे प्रार्थनागीत. तो स्वतःची टिपणे जाळतो, तोक्योच्या उपसागरात उतरतो, अस्त्र चालवतो आणि आपली दोरी कापतो. डोक्यातले ज्ञान कोणाच्या हाती पडू नये, यासाठी डोकेच नष्ट करतो. जहाजावरचा बातमीदार आनंदाने विजय घोषित करतो, मात्र त्याच्या मागे उभ्या असलेल्यांच्या चेहऱ्यांवर आनंद नाही. ताकाशी शिमुरा यांनी साकारलेले वृद्ध प्राध्यापक यामाने एवढेच पुटपुटतात, की चाचण्या अशाच चालू राहिल्या तर असा दुसरा पशू कुठेतरी पुन्हा येईल. अमेरिकी आवृत्तीत हे वाक्य नव्हते.

‘गोजिरा’ हा अण्वस्त्रविरोधी चित्रपट आहे, एवढे सांगून बहुतेक लेखन थांबते. मला त्यापुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. सेरिझावाचे मरण हा चित्रपट कसे पाहतो? इफुकुबे यांच्या शोकगंभीर संगीतात, खलाशांच्या सलामीत, लाटांवर स्थिरावलेल्या कॅमेऱ्यात आदर आहे. देशासाठी स्वेच्छेने मृत्यूकडे झेपावणाऱ्या तरुणांचा गौरव करण्याची सवय त्या समाजाला नुकतीच सक्तीने मोडावी लागली होती, आणि येथे तोच गौरव शांततेच्या कारणासाठी परत आलेला दिसतो. कारण बदलले, रीत तीच राहिली. ओडो बेटावर समुद्राला मुलगी देत. राजधानीने एक शास्त्रज्ञ दिला. चित्रपटाला हे साम्य कळलेले आहे, असे मला वाटते. नाहीतर म्हाताऱ्या कोळ्याची ती कथा कथानकाला आवश्यक नव्हती. मात्र ते कळूनही त्याला दुसरा मार्ग सापडत नाही.

तो मार्ग एका दृश्यात क्षणभर दिसला होता, आणि म्हणून मला ते दृश्य फार मोलाचे वाटते. संसदेच्या समितीपुढे यामाने सांगतात, की हा पशू हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांमुळे जागा झाला. एक सदस्य म्हणतो, ही माहिती गुप्त ठेवावी. परराष्ट्रसंबंध बिघडतील, लोकांत घबराट होईल. त्यावर महिला सदस्य उसळून उठतात : सत्य आहे ते जाहीर झालेच पाहिजे. गोंधळ माजतो, दृश्य संपते. सुगिनामीच्या गृहिणी ज्या वर्षी दारोदार सह्या गोळा करत होत्या, त्याच वर्षीचे हे दृश्य आहे. धोक्याचे ज्ञान सर्वांचे व्हावे, असे त्या स्त्रिया म्हणतात. ते कोणाचेच होऊ नये, असे सेरिझावा म्हणतो. चित्रपटाने निवाडा सेरिझावाच्या बाजूने दिला. कलाकृती म्हणून त्याची उंची याने कमी होत नाही, पण त्याची मर्यादा इथे आहे : त्याचा समाजावर विश्वास नाही, फक्त एका माणसाच्या मरणावर आहे.

त्यानंतरचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या चित्रपटाची सुमारे ९६ लाख तिकिटे खपल्यावर पशू मरून चालण्यासारखे नव्हते. १९६२ साली तो किंग काँगशी झुंजला, पुढे त्याला पुत्र झाला, शेवटी तो पोरांचा कैवारी झाला. या काळातही काही वेगळे प्रयत्न झाले. १९७१ च्या ‘हेडोरा’त कारखान्यांच्या सांडपाण्यातून आणि धुरातून जन्मलेला पशू आहे. पण एकंदरीत तुडवली जाणारी शहरे निर्मनुष्य झाली होती. इमारती कोसळत, त्यांत कोणी राहत असल्याचे मात्र दिसत नसे. करमणुकीला बळींची अडचण होते.

ती अडचण पुन्हा पडद्यावर आणली शूसुके कानेको या दिग्दर्शकाने. ‘गामेरा’ हा १९६५ पासूनचा प्रतिस्पर्धी कंपनीचा पशू, कासवाच्या आकाराचा आणि मुलांचा मित्र. कानेको यांनी १९९५, १९९६ आणि १९९९ साली त्याच्यावर तीन चित्रपट काढले. तिसऱ्यातील मुलीचे आईवडील पहिल्या चित्रपटातल्या लढाईत मेलेले आहेत, आणि तेही दुष्ट पशूकडून नव्हे, तर जगाचे रक्षण करणाऱ्या गामेराच्या पायाखाली. तिला रक्षणकर्त्याचा सूड हवा आहे. टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकाला एवढा साधा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. पुढे २००१ साली याच दिग्दर्शकाने गॉड्झिला हाती घेतला आणि पॅसिफिक युद्धात बळी पडलेल्या असंख्यांच्या अतृप्त आत्म्यांनी त्या पशूत वास केल्याची कल्पना मांडली. त्याच्या डोळ्यांत बुबुळे नाहीत. आपल्याला विसरलेल्या देशावर तो चालून आला आहे.

२०१६ चा ‘शिन गॉड्झिला’ हा हिदेआकी आन्नो आणि शिन्जी हिगुची यांचा चित्रपट. मार्च २०११ मधील भूकंप, त्सुनामी आणि फुकुशिमाची अणुदुर्घटना हे त्याचे उघड संदर्भ आहेत. पहिला तासभर बैठका चालतात. एका दालनातून दुसऱ्या दालनात, एका अनुमतीपासून दुसऱ्या अनुमतीपर्यंत. शेवटी कनिष्ठ अधिकारी आणि अभ्यासक मिळून पशूला गोठवतात. या मोहिमेतील पहिली तुकडी नष्ट होते आणि तिची जागा दुसरी घेते. सेरिझावाचे एकट्याचे काम येथे कार्यालयाने केले, पण मेलेल्यांची नावे त्याने फारशी घेतली नाहीत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या ताकाशी यामाझाकी यांच्या ‘गॉड्झिला मायनस वन’ने १९५४ च्या प्रश्नाला थेट हात घातला. दृश्यपरिणामांसाठी त्याला २०२४ साली ऑस्कर मिळाले, ते योग्यच. परंतु त्याचे महत्त्व वेगळे आहे. नायक शिकिशिमा हा आत्मघाती पथकातला वैमानिक. युद्धाच्या अखेरीस विमान बिघडल्याचे सोंग करून तो ओडो बेटावर उतरतो. म्हणजे बलिदान न केलेला माणूस. जळलेल्या तोक्योत परतल्यावर शेजारीण त्याला जिवंत राहिल्याबद्दल दूषणे देते. पशू आल्यावर सरकार हात वर करते, तेव्हा माजी नौसैनिक स्वतःहून एकत्र येतात. त्यांच्यातला तंत्रज्ञ नोदा मोहिमेच्या आदल्या दिवशी बोलतो, तो या सबंध परंपरेतला सर्वांत धीट संवाद आहे. या देशाने माणसाच्या जिवाची किंमत फार कमी लावली, असे तो म्हणतो. रणगाड्यांना पुरेसे चिलखत नव्हते, सैनिकांना रसद नव्हती, मेलेल्यांतले कितीतरी भुकेने आणि रोगाने मेले, विमानांत बाहेर पडण्याचे आसनसुद्धा नव्हते. या मोहिमेत कोणी मरायचे नाही. आणि शिकिशिमा बॉम्ब भरलेले विमान पशूच्या जबड्यात घुसवतो तेव्हा आसनासह बाहेर फेकला जातो. ते आसन बसवणारा मनुष्य त्याला जगायला सांगून गेला आहे. सत्तर वर्षांपूर्वी कापलेली दोरी येथे पुन्हा सांधली गेली, असेच म्हणावे लागेल.

दोष दिसत नाहीत असे नाही. मेली म्हणून शोक केलेली नोरिको अखेरीस इस्पितळात जिवंत सापडते. तिच्या मानेवरचा काळा डाग सुखान्तावर सावली टाकतो हे खरे, तरीही ही भेट चित्रपटाने आपल्या प्रेक्षकाला फार सहज दिली, असे वाटल्यावाचून राहत नाही. याहून मोठी उणीव मात्र मला एका प्रवासात जाणवली.

२०२४ च्या नोव्हेंबरात भावाकडे तोक्योला जाण्याचा योग आला. या चित्रपटांच्या चाहत्याने जिथे जावे, तिथे सगळीकडे गेलो. शिन्जुकूत एका उंच इमारतीच्या माथ्यावरून २०१५ पासून पशूचे डोके डोकावते. खाली पर्यटक छायाचित्रे काढतात, मीही काढली. गिन्झात वाकोचे १९३२ चे घड्याळ शाबूत आहे आणि वेळ अचूक दाखवते. सेइजो भागातील तोहो स्टुडिओच्या भिंतीवर एका बाजूस ‘सेव्हन सामुराई’ आणि दुसरीकडे गॉड्झिला रंगवलेला आहे. दोन्ही चित्रपट १९५४ चेच, दोहोंत ताकाशी शिमुरा आहेत; दोन्हींत गाव वाचवण्यासाठी कोणी मरायचे, हाच प्रश्न आहे. कुरोसावा आणि होंडा हे मित्र. उतारवयात होंडांनी कुरोसावांच्या चित्रपटांवर सहायक म्हणून काम केले. ती भिंत पाहिल्यावर ‘कलात्मक’ आणि ‘पोरकट’ अशी वाटणी करण्याचे धैर्य कमी होते.

शेवटच्या दिवशी शिन-किबा स्थानकावर उतरून युमेनोशिमाला गेलो. नावाचा अर्थ ‘स्वप्नांचे बेट’. प्रत्यक्षात ते शहराच्या कचऱ्याची भर घालून वाढवलेले बेट आहे. ‘दाइगो फुकुर्यू मारू’ पुढे शिकाऊ खलाशांची नौका म्हणून वापरली गेली आणि १९६७ मध्ये मोडीत निघून याच कचऱ्यात येऊन पडली. नागरिकांनी तिच्या जतनासाठी चळवळ केली आणि १९७६ मध्ये तिच्याभोवती संग्रहालय उभे राहिले. प्रवेश विनामूल्य आहे. आत शिरताच लाकडी नौकेचा मोठा कुशीचा भाग अंगावर येतो. सुमारे तीस मीटर लांब; त्या महाकाय पशूच्या पन्नास मीटरांपुढे लहानच. काचेच्या बाटलीत ती राख ठेवली आहे. बाहेर एका शिळेवर कुबोयामा यांचे मागणे कोरले आहे, की अणू-हायड्रोजन बॉम्बचा बळी ठरलेला आपण अखेरचाच असावे. शिन्जुकूत रांग होती, येथे शाळेच्या मुलांचा एक गट आणि मी. एक मुलगी नौकेच्या सुकाणूकडे पाहत बराच वेळ उभी होती. शिक्षिकेने हाक मारली तेव्हा तिने जाता जाता लाकडाला हात लावल्यासारखे केले, पण लावला नाही.

कुबोयामा यांनी बलिदान केलेले नाही. त्यांना कोणी विचारले नव्हते. ते ट्यूना पकडायला गेले होते. १९५४ च्या चित्रपटाने त्यांच्या बळी जाण्याच्या जागी सेरिझावाचे बलिदान ठेवले, आणि प्रेक्षकाला सहन होईल असा शोक दिला. ते करताना त्याने थोडी फसवणूक केली, हे मला त्या लाकडी नौकेपुढे प्रथम जाणवले.

आणि त्याच वेळी आजोबांचे वाक्य आठवले. इंफाळच्या मोहिमेतील जपानी सैनिकांपैकी हजारो गोळीने नव्हे, तर रसदीअभावी भुकेने आणि रोगाने मेले. आजोबांनी ते पाहिले असणार. शत्रूच्या मुलांची उपासमार पाहिलेला माणूस युद्धाची गोष्ट सांगू शकत नाही, हे आता समजते. यामाझाकींच्या नोदाने ऐंशी वर्षांनी पडद्यावर जे उच्चारले, ते बेळगावातल्या एका निवृत्त शिपायाने आपल्या बोलीत पाच शब्दांत सांगून टाकले होते. त्यात एक ‘बी’ होता. ती पोरं बी. म्हणजे आम्हीही. नोदाच्या संवादात हा ‘बी’ नाही. त्याच्या यादीत जपानचे मेलेले आहेत; ज्यांच्या देशांवर ते चालून गेले, ते चिनी, ब्रह्मी, फिलिपिनो आणि त्यांच्याशी लढताना मेलेले हिंदुस्थानी नाहीत. होंडांच्या चित्रपटातही ते नव्हते, जरी होंडा स्वतः चीनमध्ये काही वर्षे काढून आले होते. २००१ च्या पशूत ‘असंख्य’ आत्मे आहेत, पण त्यांत आपले किती आणि परके किती, हे चित्रपट सांगत नाही. त्या न सांगण्यात निदान दार बंद केलेले नाही, एवढेच समाधान.

एका चित्रपटमालिकेकडून ही अपेक्षा करणे जास्त होईल, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्या परंपरेने स्वतःच्या बॉम्बग्रस्त नौकेतून एवढा मोठा पशू उभा केला, सत्तर वर्षे त्याला पुन्हा पुन्हा समुद्रातून वर आणून स्वतःला प्रश्न विचारले, आणि अखेर ‘मरू नका’ हे उत्तर शोधले, तिच्याकडूनच पुढच्या प्रश्नाची अपेक्षा करता येते. आपल्याकडे विजयाच्या चित्रपटांत पराभूतांच्या उपाशी पोरांचा उल्लेख किती वेळा येतो, हेही त्या निमित्ताने तपासून पाहावे.

परतल्यावर मूळ ‘गोजिरा’ पुन्हा लावला. घरातली दोन मुले शेजारी येऊन बसली. पशू रबरी आहे, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत ओळखले आणि हसली. रस्त्याच्या कडेला बसलेल्या त्या बाईचे दृश्य आले, तेव्हा धाकटीने विचारले, ‘तिच्या मुलांचे बाबा कुठे असतात?’ चित्रपट थांबवून मला तिला बरेच काही सांगावे लागले. चीन, ब्रह्मदेश, मणिपूर. नकाशा काढावा लागला. त्या रात्री चित्रपट पुरा झाला नाही.